स्पायडरमॅनचं गाव कुठलं?

(ज्यांची गाडीत रेंज जाते त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा छाटलेत.)

हेडफोन लावलेत ना? दौंडवरून सकाळच्या गाडीने निघालेल्या सगळ्यांना वेगळा नमस्कार, कारण तुमच्यापैकी बरेच जण हे उभ्यानेच ऐकत असणार. आणि शिरूरवाल्यांनो, तुम्ही वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये असाल, तर आजचा अख्खा भाग आरामात होईल.

आजचा विषय कॉमिक्स आणि त्यांवरचे पिक्चर. पण 'मार्व्हल भारी की डीसी भारी' ही मारामारी आज करायची नाहीये. ती कमेंटमध्ये चालू आहेच, चालू द्या.

२०२३ च्या १ जूनला 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात रिलीज झाला. एकदम दहा भाषांत. इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, बंगाली, पंजाबी, गुजराती आणि मराठी. हो, मराठी. आपण लहानपणापासून हॉलिवूडचे पिक्चर हिंदीत बघत आलो. स्पायडरमॅन हिंदी बोलतो, बॅटमॅन घसा खरवडून हिंदी बोलतो, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की मराठी ट्रेलर लागला तेव्हा माझ्या ग्रुपवर पहिली रिॲक्शन काय आली माहितीये? 'अरे हे कुणी गंमत म्हणून डब केलंय का?' आपल्या भाषेत काही मोठं आलं की आपल्याला ते आधी विनोदीच वाटतं. हे असं का होतं, हा वेगळा एपिसोड आहे.

या पिक्चरमध्ये एक भारतीय स्पायडरमॅन आहे. पवित्र प्रभाकर. पीटर पार्कर, पवित्र प्रभाकर, जुळवलंय बघा. आपल्याकडे प्रभाकर म्हटलं की एखादे काका डोळ्यांसमोर येतात, तिथे ते आडनाव आहे. असो. त्याचं शहर मुंबॅटन. मुंबई अधिक मॅनहॅटन. हिंदी आणि पंजाबीत त्याचा आवाज शुभमन गिलचा. तेव्हा आयपीएल नुकतीच संपलेली, गिलने ८९० रन काढलेले, त्यामुळे सगळी बातमी त्याचीच झाली. मराठीत डबिंग झालंय ही बातमी मागे पडली.

आता हे मुंबॅटन आठवा. केशरी, गुलाबी, पिवळा रंग, एकावर एक चढलेल्या इमारती, गर्दी, आणि छापताना रंग जरा रेषेबाहेर सांडल्यासारखं दिसणारं चित्र. ते तसं का दिसतं? तर बनवणाऱ्यांनी सांगितलंय की मुंबॅटनचं रूप त्यांनी इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलंय. सत्तरच्या दशकातली आपली इंद्रजाल कॉमिक्स!

मी हे वाचलं आणि पहिला फोन दौंडला मामांना लावला.

माझं गाव शिरूर आणि आजोळ दौंड. आमची घोडनदी पुढे जाऊन भीमेला मिळते आणि भीमा दौंडला जाते, त्यामुळे मी लहानपणी सुट्टीत मामांकडे गेलो की आई म्हणायची, 'पाण्यासारखा उताराला लागला.' मामा रेल्वेतले, आता रिटायर. त्यांच्या ट्रंकेत इंद्रजालचे अंक होते, मराठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केली आणि १९९० पर्यंत चालली. त्यात ली फॉकचे फँटम आणि मँड्रेक होते, नंतर आबिद सुरतींचा बहादूर आला. इंग्रजी आणि हिंदीसोबत मराठीतही निघायची. आणि मराठीत फँटमचं नाव होतं वेताळ.

इथे जरा थांबू, कारण माझ्या मते सगळी गंमत या एका शब्दात आहे.

फँटम हा ली फॉकने १९३६ मध्ये अमेरिकेतल्या पेपरसाठी काढलेला हिरो. जांभळा सूट, मुखवटा, कवटीची गुहा, कवटीची अंगठी. लोकांना वाटतं हा चारशे वर्षं मेलेलाच नाही, खरं तर बापामागून मुलगा ते काम करत आलाय. आता याला मराठीत काय म्हणायचं? 'भूत' म्हटलं असतं तर पोरं घाबरली तरी असती नाहीतर हसली तरी असती. पण वेताळ आपल्याकडे आधीपासून आहे. गावाच्या शिवेवर, माळावर, शेंदूर लावलेला दगड. भुतांचा राजा, पण गावाची राखण करणारा. पुण्यात तर वेताळ टेकडीच आहे. म्हणजे रात्री फिरतो, मरत नाही, वाईटाला शिक्षा देतो, हे सगळं त्या शब्दाबरोबर फुकटात आलं. वाचणाऱ्या पोराला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

मामा सांगतात, 'आम्हाला वाटायचं हा हितलाच हाय.' घनदाट जंगल दौंडला कुठलं? त्यांनी डोक्यात भीमेकाठची बाभळीची झाडी घेतली आणि तिथं ती कवटीची गुहा बसवली. इंद्रजालवाल्यांनी फँटमच्या देशाचं नावही बदललं होतं. मूळ बंगाला, इथे देंकाली केलं, बंगालशी घोटाळा नको म्हणून असावं. मामांना ते देंकाली दौंडपासून फार तर चार स्टेशनं लांब वाटायचं.

कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी असते ना, तिला इंग्रजीत गटर म्हणतात. आपल्याकडे गटर म्हणजे भलतंच. पण त्या गटरमध्येच सगळं घडतं. एका चौकटीत वेताळ हात उचलतो, दुसऱ्या चौकटीत गुंड जमिनीवर. मधला ठोसा कुणी मारला? तुम्ही मारला. आवाज तुमचा, वेग तुमचा. चौकटीत न काढलेली झाडी पण तुमची. म्हणून कॉमिक्सचा फॅन पिक्चर बघायला जातो तेव्हा तो नुसता प्रेक्षक नसतो, तो अर्धा पार्टनर असतो. त्याने आधीच एक पिक्चर डोक्यात काढलेला असतो, बिनबजेटचा.

१९९६ मध्ये 'द फँटम' आला. बिली झेन त्यात वेताळ झाला होता. तिकडे फारसा चालला नाही. मामांनी तो पुढे कधीतरी केबलवर बघितला. त्यांचा रिव्ह्यू आजपर्यंतचा मी ऐकलेला सगळ्यात छोटा रिव्ह्यू आहे.

'आरं, याचं डोळं दिसत्यात की.'

बास. आणि तुम्ही विचार करा, किती बरोबर आहे ते. कॉमिक्समध्ये वेताळाच्या मुखवट्यात डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं असतं. बुबुळ नाहीच. तो कुणाकडे बघतोय, रागावलाय की दमलाय, काही कळत नाही, म्हणून तर तो वेताळ. पिक्चरमध्ये मुखवट्यातून चांगले माणसाचे डोळे दिसतात. ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी पण काढून टाकली होती, पण त्याबद्दल मामांची तक्रार नाही. (हसतो.) तक्रार डोळ्यांची. डोळे दिसले आणि तो कुणीतरी ॲक्टर झाला.

आता मी काय म्हणत नाहीये ते आधी सांगतो, नाहीतर कमेंट येतील. 'पुस्तक नेहमी पिक्चरपेक्षा भारी असतं' असं मी म्हणत नाहीये. ते वाक्य मला बोअर होतं. पिक्चरने कॉमिक्स जशीच्या तशी काढावी असंही नाही. माझा प्रश्न साधा आहे. आपण त्या पांढऱ्या पट्टीत जे भरलं होतं, त्यातलं काही पिक्चरमध्ये शिल्लक राहतं का?

मराठीत हा प्रश्न विचारायला फार उदाहरणं नाहीत. फास्टर फेणे म्हणाल, तर ती भा. रा. भागवतांची पुस्तकं, कॉमिक्स नव्हे. २०१७ चा अमेय वाघचा पिक्चर मला आवडतो, पण तो या गणितात बसत नाही. तरी एक सांगतो. बनेश फेणे फुरसुंगीचा. दौंड-पुणे गाडी लोणी सोडून मांजरीकडे निघाली की फुरसुंगी इथेच जवळ. आज बऱ्याच जणांना ते नाव कचरा डेपोमुळे माहीत आहे. पण एका पिढीला ते ट्टॉक् करणाऱ्या पोरामुळे माहीत होतं. गावाचं नाव असं एखाद्या हिरोला चिकटलं की काय होतं बघा.

खरं उदाहरण म्हणजे चिंटू.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. (बघा, इथे पण प्रभाकर आहेतच.) आमच्याकडे पेपर यायचा तो वडील आधी घ्यायचे, पण चिंटूचं पान मला आधी, हा करार होता. चिंटू, मिनी, पप्पू, राजू, बगळ्या. रोज तीन-चार चौकटी आणि शेवटच्या चौकटीत टोला. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोलेंनी त्यावर पिक्चर केला. शुभंकर अत्रे चिंटू झाला, विभावरी देशपांडे आई आणि सुबोध भावे पप्पा. पुढच्याच वर्षी 'चिंटू २' आला, खजिन्याची गोष्ट. इतक्या लवकर का? माझा अंदाज असा की कागदावरचा चिंटू वीस वर्षं त्याच वयाचा राहू शकतो, खरं पोरगं राहत नाही. वर्ष गेलं की मिसरूड फुटतं.

पिक्चर गोड आहेत. पोरं मस्त आहेत. पण शिरूरमध्ये बसून चिंटू वाचणाऱ्या माझं काय झालं सांगू? कागदावर चिंटूला पत्ता नव्हता. घर, रस्ता, एक मैदान, शाळा. तो पुण्याचा आहे हे माहीत होतं, पण दिसत नव्हतं. म्हणून मी बिनधास्त तो आमच्या आळीत आणून ठेवला होता. जोशी काकूंच्या जागी आमच्या शेजारच्या काकू. त्यांच्या अंगणात बॉल गेला की तो परत येत नसे, त्यामुळे बदल काहीच करावा लागला नाही. पिक्चरमध्ये चिंटू बोलायला लागला आणि पहिल्या मिनिटाला कळलं, हा आपल्या आळीतला नाही. त्याची मराठी पुण्याची. स्वच्छ, पेठेतली म्हणा, कोथरूडची म्हणा. ती चुकीची नाही हां, चिंटू पुण्याचाच आहे, तसाच बोलणार. पण वाचताना तो माझ्यासारखं बोलायचा. 'मला नको' नाही म्हणायचा, 'मपल्याला नको' म्हणायचा.

पिक्चरला आवाज द्यावाच लागतो. आणि आवाज आला की त्याच्याबरोबर गाव येतं. कुणाचं तरी गाव येतंच.

तर पुन्हा पवित्र प्रभाकरकडे.

हा पिक्चरसाठी तयार केलेला पोरगा नाही. त्याची कॉमिक्स २००४ मध्ये आली, 'स्पायडर-मॅन : इंडिया', चार अंकांची. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी केलेली. मला ती बऱ्याच वर्षांनी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. आता त्यातला पवित्र कोण आहे ऐका. तो खेड्यातला आहे. स्कॉलरशिप मिळते म्हणून माया काकू आणि भीम काकांबरोबर मुंबईत शिकायला येतो. धोतर नेसतो. शाळेतली पोरं त्याच्या कपड्यांवरून, मार्कांवरून त्याला छळतात, मारतात. एक मीरा जैन नावाची मुलगी तेवढी त्याच्याशी नीट बोलते. मारायला पोरं मागे लागलेली असतानाच त्याला एक योगी भेटतो आणि शक्ती देतो.

ही कॉमिक्स महान आहे असं अजिबात नाही. कोळी चावण्याऐवजी योगी, गॉब्लिनच्या जागी राक्षस, ताईत. म्हणजे भारत म्हटल्यावर जे जे आठवेल ते सगळं एका ताटात. मामांना दाखवली तर ते म्हणाले, 'मुंबईत धोतर नेसून शाळेत कोण जातं रं?' बरोबर आहे. २००४ मध्ये आपल्या दौंड-शिरूरच्या खेड्यातलं पण कुठलं पोरगं धोतर नेसून शाळेत जात होतं?

पण धोतर सोडा. ते छळण्याचे प्रसंग खरे आहेत.

मी अकरावीला पुण्यात गेलो. कुठल्या कॉलेजात ते महत्त्वाचं नाही. पहिल्या आठवड्यात मी वर्गात 'सर, म्या लिव्हलंय' म्हणालो. वर्ग हसला. सरही हसले. पुढची दोन वर्षं माझं नाव 'लिव्हलंय' होतं. मी गप्प बसायला शिकलो, मग 'लिहिलंय' म्हणायला शिकलो, मग घरी पण 'लिहिलंय' म्हणायला लागलो तेव्हा आई म्हणाली, 'लई शहाणा झालास.' दोन्हीकडून मार. आज रोज सकाळी दौंडवरून, पाटसवरून, केडगाववरून, यवतवरून गाडीत चढणाऱ्या पोरापोरींना विचारा. हडपसर आलं की फोनवरची भाषा बदलते. मी स्वतः ऐकलंय, डब्यात उभा राहून. आईशी बोलताना एक मराठी, पाचच मिनिटांनी कॉलेजच्या ग्रुपला व्हॉइस नोट पाठवताना दुसरी.

दोन ओळखी असलेला, एक लपवून फिरणारा पोरगा. स्पायडरमॅन म्हणजे दुसरं काय असतं?

त्यामुळे माझ्यासाठी पवित्र प्रभाकरचा मुखवटा त्या कॉमिक्समध्ये शक्ती मिळण्याच्या आधीच सुरू होतो. तो धोतर नेसतो, म्हणजे मुखवटा घालायला नकार देतो, आणि त्याबद्दल मार खातो. चार अंकांच्या त्या धेडगुजरी कॉमिक्समध्ये ही एक गोष्ट अशी होती, जी न्यूयॉर्कच्या पीटर पार्करकडे नव्हती. पीटरला चष्म्यावरून छळतात. पवित्रला गावावरून.

आणि पिक्चरमध्ये नेमकं तेच काढून टाकलंय.

पिक्चरमधला पवित्र मुंबॅटनचाच. केस बघत राहावे असे, विचारलं तर म्हणतो काही लावत नाही, थोडं खोबरेल तेल. सहाच महिने झालेत स्पायडरमॅन होऊन आणि सगळं सोपं वाटतंय त्याला. गर्लफ्रेंड आहे, गायत्री, तिचे वडील पोलीस इन्स्पेक्टर. माईल्स 'चाय टी' म्हणतो तेव्हा त्याला तो झापतो, चाय म्हणजेच टी. इंग्रजांनी आमचं सामान चोरलं हेही जाता जाता ऐकवतो. माझं ऐका, मला तो जाम आवडला. थिएटरमध्ये मी शिट्टी मारली. परदेशी पिक्चरमधला भारतीय पोरगा कायम लाजाळू, गणितात हुशार, बावळट असायचा, आणि हा बघा कसा दिमाखात फिरतोय. अमेरिकेत वाढणाऱ्या एखाद्या मराठी पोराला हा पवित्र बघून काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. तिथे वर्गात त्याच्या डब्याला, नावाला हसतात. त्याला हा असा कॉन्फिडंट पवित्रच हवा होता.

पण आपण तर भारतातच आहोत ना. आपल्याला आपल्या नावावरून कुणी हसत नाही. आपल्याला हसतात ते 'लिव्हलंय'वरून. म्हणून तोच पिक्चर बघून त्या पोराची छाती फुगते, आणि दौंडच्या पोराला वाटतं, हा पण शहरातलाच निघाला. रंग मामांच्या ट्रंकेतले घेतले, गाव ठेवलं नाही.

आणि म्हणूनच मला तो पिक्चर मराठीत बघायचा होता. मला बघायचं होतं की डबिंगवाल्यांनी पवित्रला कुठली मराठी दिली. मी आणि दोन मित्र शिरूरवरून निघालो. रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली, मग मॉल. दोन तास. ॲपवर मराठी शो दिसत नव्हता, म्हटलं काउंटरवर विचारू. काउंटरवरच्या मुलाने आधी इंग्रजीत सांगितलं, मग हिंदीत, की मराठी शो नाहीये. तो मुलगा मराठीच होता, त्याच्या फोनची रिंगटोन ऐकून कळलं. त्याचा दोष नाही, त्याला ट्रेनिंगच तसं. आम्ही हिंदीत बघितला.

म्हणजे पिक्चर मराठीत होता, पण मराठी बोलणारी माणसं जिथे राहतात तिथून दोन तास जाऊनही आम्हाला तो मराठीत मिळाला नाही. कारण सांगतात की मागणी नाही. मागणी कुठून येणार? वाघोलीच्या सिग्नलला उभी आहे ती. (हसतो.)

नंतर मी मामांना हिंदीतला तुकडा मोबाईलवर दाखवला. मुंबॅटनचाच भाग, इमारत कोसळते तो. चश्मा लावून बघितला त्यांनी. रंग बघून म्हणाले, 'ह्ये आपल्या इंद्रजालवानीच हाय.' मी म्हटलं, मामा, तुम्हाला न सांगता कळलं? तर म्हणाले, 'छपाई हाललेली हाय बघ. आमच्या अंकात वेताळाचा जांभळा असाच भाईर यायचा.' ॲनिमेटर मंडळींनी किती महिने घालवले असतील तो हललेला रंग जमवायला. दौंडच्या रिटायर रेल्वेवाल्याने दोन सेकंदांत पकडलं. हे मला त्या पिक्चरचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं.

मग त्यांनी विचारलं, 'ह्याचं गाव कुठलं?' मी म्हटलं, मुंबॅटन. 'न्हाई, त्याच्या आधीचं?' मी म्हटलं, कॉमिक्समध्ये होतं, पिक्चरमध्ये नाही. मामा म्हणाले, 'मंग सुट्टीला कुठं जातो?'

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण पुढचा भाग अजून यायचाय, 'बियॉन्ड द स्पायडर-व्हर्स'. पवित्र त्यात किती असेल माहीत नाही. मला फार नको. एक सीन द्या. दोन मिनिटांचा. भीम काका कसे गेले ते दाखवू नका, ते दुःख आता सगळ्या स्पायडरमॅनांचं बघून झालंय. फक्त पवित्र गावाकडे फोन करतो आणि त्याचा आवाज बदलतो, एवढंच. कुठल्याही भाषेत डब करा, प्रत्येक भाषेत तसा आवाज सापडतो. तमिळमध्ये मदुराईकडचा सापडेल, हिंदीत बलियाचा. मराठीत कुणी हवा असेल तर सकाळच्या दौंड गाडीत या, डब्यात पन्नास मिळतील, ऑडिशन यवत यायच्या आत उरकेल.

आणि हो, एक काम. मामांच्या ट्रंकेतले बरेचसे अंक वाळवीने खाल्ले. मराठी इंद्रजाल आता बघायला मिळणं अवघड झालंय, हिंदी-इंग्रजी अंकांचे स्कॅन तरी फिरत असतात. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या कपाटात, रेल्वे कॉलनीतल्या कुणाच्या घरी मराठी वेताळ असेल तर रद्दीत घालायच्या आधी कव्हरचा आणि आतल्या दोन पानांचा फोटो काढा. उजेडात काढा, फ्लॅश नको, चकाकतो. मला विशेष करून हे बघायचंय की त्यात गुंड कुठली मराठी बोलतात. मामा म्हणतात पुणेरी बोलायचे. मला पुरावा पाहिजे.

चला, हडपसर आलं असेल. उतरा.